जर्मनीत पगाराचं खातं उघडायचं तर

अंगणात कापसाचा ढीग पडलाय आणि त्याच्या बाजूला बाजेवर बसून मी हे लिहितेय. चार वर्षं झाली, मी जर्मनीत नर्स आहे. स्टुटगार्टपासून रेल्वेनं तासाभरावर एक लहान शहर आहे, तिथल्या दवाखान्यात. दरवर्षी वेचणीच्या दिवसांत सुट्टी काढून दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी येते. २०२४ साली महाराष्ट्र शासनानं बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तिकडे जायचं म्हणणाऱ्या पोरी घरी येऊन बसतात. भाषेचं विचारतात, थंडीचं विचारतात, भाकरीला ज्वारी मिळते का ते विचारतात. परवा शेजारच्या पोरीनं पहिल्यांदाच वेगळं विचारलं, "ताई, तिकडे पगार कोणत्या खात्यात जमा होते वं? आपलं इकडचं पासबुक चालते काय?"

हा प्रश्न जाण्याआधी मला सुचला नाही. त्यापायी माझा पहिला पगार महिनाभर अडकला आणि सोबत नेलेल्या चारशे युरोंत मी पाच आठवडे काढले. नवख्या मुलखात, हाताशी पैसा नसताना, रोज दुसऱ्यांची शुश्रूषा करायची आणि रात्री हिशेब करत झोपायचं. कोणाच्या लेकीवर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर सांगते.

इकडचं पासबुक चालत नाही. दवाखाना पगार युरोच्या खात्यातच टाकतो. घरभाडं, मोबाइलचं बिल, आरोग्य विमा, सगळं त्याच खात्यातून जातं. या रोजच्या वापराच्या खात्याला तिकडे गिरोकोंटो म्हणतात. हा शब्द आत्ताच पाठ करा.

आधी पत्ता, मग खातं

मी उतरले त्याच्या दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. पासपोर्ट, नोकरीचा करारनामा, आधार कार्ड, दहावीची सनद, सगळी फाइल नेली. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे ऐकलं आणि एकच कागद मागितला, जो माझ्याकडे नव्हता: पत्त्याच्या नोंदणीचा. आधार त्यांनी परत माझ्याकडे सरकवलं. आपल्याकडे आधारशिवाय रेशनही हलत नाही, तिकडच्या बँकेत मात्र ओळख म्हणून फक्त पासपोर्ट आणि त्यावरचा व्हिसा किंवा नंतर मिळणारं वास्तव्याचं कार्ड.

ही नोंदणी म्हणजे आनमेल्डुंग. जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येकाला, मग तो जर्मन असो की परका, नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आपला पत्ता नगरपालिकेत नोंदवावा लागतो. आमच्या शहरात त्या खिडकीला ब्युर्गरब्युरो म्हणतात. काम पंधरा मिनिटांचं आहे, पण त्यासाठी घरमालकाचा सही केलेला दाखला लागतो, आणि त्याचं नाव एका श्वासात म्हणता येत नाही इतकं लांब: वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. भाडेकरार वेगळा आणि हा दाखला वेगळा. दवाखान्याच्या वसतिगृहात राहणार असाल तर तिथलं कार्यालय देतं. निघायच्या आधी त्यांना ईमेल करा आणि पोचल्याबरोबर हा दाखला हातात द्या म्हणून सांगून ठेवा.

दुसरं, टेर्मिन. म्हणजे भेटीची ठरलेली वेळ. तिकडे नगरपालिका असो, बँक असो की डॉक्टर, टेर्मिनशिवाय बहुतेक ठिकाणी काम होत नाही. मला पोचल्यावर मागितला तेव्हा बारा दिवसांनंतरचा मिळाला. अनेक शहरांत तो इंटरनेटवरून घेता येतो, म्हणजे आपल्या गावातून, विमानात बसायच्या आधी. पत्ता माहीत असेल तर हे काम इथूनच उरकून जा.

नोंदणी करताना धर्म विचारतात. पोरी गोंधळतात, जात विचारताहेत की काय असं वाटतं. तसं नाही. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचे सभासद असाल तर पगारातून चर्चचा कर कापला जातो. बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये तो प्राप्तिकराच्या ८ टक्के आहे. हिंदू, बौद्ध, मुस्लिम यांना तो लागत नाही. जे खरं आहे ते सांगा.

नोंदणी झाल्यावर मिळतो तो कागद म्हणजे मेल्डेबेश्टेटिगुंग. तो हातात आला की बँकेचा दरवाजा उघडला समजा. नोंदणीनंतर काही आठवड्यांत पोस्टानं अकरा आकडी कर क्रमांक येतो, श्टॉयर-आयडी. तो जन्मभर एकच राहतो. बँकेला तो लागतो, पण बहुतेक ठिकाणी आला की नंतर कळवला तरी खातं थांबत नाही. दवाखान्याला मात्र तो लवकर द्या. तो नसला तर कर जास्तीच्या दरानं कापला जातो.

नावाचा घोळ इथेच सोडवून जा

यावर मी जरा जास्त बोलणार, कारण अडचणींतल्या निम्म्या इथूनच निघतात आणि त्यांचा उपाय गावातच आहे.

आपलं नाव तीन भागांचं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. जर्मन कागदावर दोनच रकाने असतात, पाळण्यातलं नाव आणि कुळाचं नाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव तुमच्या नावाच्या रकान्यात असेल, तर ते तिकडे तुमचंच दुसरं नाव धरलं जातं. माझ्या बँकेच्या पत्रांवर बाबांचं नाव माझ्या नावाला चिकटून येतं. त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळं लिहिलं की. माझ्या नावातला 'व' दहावीच्या सनदेवर 'व्ही'नं होता आणि पॅनवर 'डब्ल्यू'नं. पासपोर्ट सनदेप्रमाणे झाला, पॅन तसंच राहिलं, आणि पुढे इकडचं खातं बदलून घेताना त्या एका अक्षरासाठी मला दोन सुट्ट्या घालवाव्या लागल्या.

लग्न झालेल्या पोरींनो, आधारवर सासरचं आडनाव आणि पासपोर्टवर माहेरचं, असं ठेवून निघू नका. आणि ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाची जागाच रिकामी आहे, सगळं नाव एकाच रकान्यात कोंबलंय, त्यांनी व्हिसाच्या आधी नवा पासपोर्ट काढून घ्यावा. तिकडे प्रत्येक अर्ज आडनावापासून सुरू होतो.

९ ऑक्टोबर २०२५ पासून तर युरोच्या देशांत पैसे पाठवताना बँक खात्याचा नंबर आणि नाव जुळतं का ते आधी तपासते आणि जुळलं नाही तर पाठवणाऱ्याला इशारा देते. म्हणून दवाखान्याला, घरमालकाला, मैत्रिणीला, सगळ्यांना नाव एकसारखं द्या: पासपोर्टवर आहे तसं.

आता टपालपेटीची गोष्ट. आमच्या गावात पोस्टमन घर नंबर बघत नाही. माझं पत्र आलं तर "रामभाऊची पोट्टी ना" म्हणून वावरातही आणून देईल. तिकडे पेटीवर नावाची चिठ्ठी नसेल तर पत्र परत जातं, पत्ता कितीही बरोबर असो. आम्ही सहा जणी एका घरात राहायचो आणि पेटीवर जुन्या भाडेकरूंची नावं होती. माझं बँकेचं कार्ड पोस्टानं निघालं आणि परत गेलं. कार्डाचा गुप्त क्रमांक वेगळ्या पाकिटात, वेगळ्या दिवशी येतो. तोही परत गेला. त्यात आणखी दहा दिवस गेले. चावी हातात आली की पहिलं काम: कागदावर आडनाव ठळक लिहा आणि पेटीवर, घंटीवर चिकटवा. भांडी नंतर लावा.

बँक कोणती धरायची

तीन तऱ्हेच्या बँका आहेत. श्पारकासे या तालुका-जिल्ह्याच्या पातळीवरच्या, नगरपालिका-जिल्ह्यांच्या पाठबळावर चालणाऱ्या सार्वजनिक बँका. फोल्क्सबांक आणि रायफायझनबांक या सभासदांच्या सहकारी बँका. आणि तिसऱ्या देशभरच्या खासगी बँका, त्यांतल्या काही फक्त मोबाइलवर चालणाऱ्या.

रायफायझन या नावापाशी मी थांबते. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन हा १८१८ साली जन्मलेला खेड्यातला नगराध्यक्ष. सावकाराच्या पाशात अडकलेले शेतकरी त्यानं पाहिले आणि १८६४ साली हेडेसडोर्फला शेतकऱ्यांची एकमेकांच्या हमीवर कर्ज देणारी संस्था काढली. मद्रास सरकारनं फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपातल्या अशा संस्थांचा अभ्यास करायला पाठवलं, त्यांचा अहवाल १८९५ आणि १८९७ साली आला, आणि १९०४ साली आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्याच वाटेनं पुढे गावोगाव सोसायट्या उभ्या राहिल्या. हे मी बाबांना सांगितलं तर ते कापूस निवडता निवडता थांबले. म्हणाले, "म्हणजे आपल्या सोसायटीचं बियाणं तिकडचं म्हन ना." बाबांनी तीस वर्षं त्याच सोसायटीतून पीककर्ज उचललंय. जर्मनीतल्या त्या पाटीखालून जाताना मला आता ते नाव परकं वाटत नाही.

माझा सल्ला: पहिलं खातं अशा बँकेत उघडा जिची शाखा चालत जाता येईल इतकी जवळ आहे. मोबाइलवरच्या बँका स्वस्त असतात, काही फुकटही. पण ओळख पटवण्यासाठी व्हिडिओवर पासपोर्ट दाखवावा लागतो आणि काही ठिकाणी भारतीय पासपोर्ट व्हिडिओवर घेतच नाहीत. मग पोस्टाच्या काउंटरवर जाऊन ओळख पटवावी लागते. मी आधी अशाच एका बँकेकडे अर्ज केला होता. आठवडा वाट पाहिली आणि कारण न देता नकार आला. शाखेत महिन्याला काही युरो खर्च येतो, पण समोर माणूस असतो, चुकलं तर दाखवतो. बस्तान बसलं की वर्षभरानं स्वस्त खात्याकडे जा.

पैसे सुरक्षित राहतील का, हे माझ्या मायनं विचारलं होतं. एका बँकेत एका माणसाच्या १ लाख युरोपर्यंतच्या ठेवीला कायद्याचं संरक्षण आहे. आपल्याकडे ते ५ लाख रुपयांपर्यंत आहे.

टेबलासमोर बसल्यावर

फोनवर किंवा काउंटरवर एवढंच म्हणा: "इश म्योश्टे आइन गिरोकोंटो एर्योफनेन." मला खातं उघडायचंय. टेर्मिन देतील. त्या दिवशी पासपोर्ट, व्हिसा, मेल्डेबेश्टेटिगुंग आणि नोकरीचा करारनामा मूळ प्रतींसकट न्या. सही पासपोर्टवर आहे तशीच करा. माझी मराठीत आहे. मी मराठीतच केली आणि चालली.

एक कागद ते हमखास पुढे करतात: तुम्ही कोणकोणत्या देशात करदाते आहात. घाबरू नका, पण सहीही डोळे मिटून करू नका. देशोदेशीच्या कर खात्यांमध्ये खात्यांची माहिती दिली-घेतली जाते, भारतही त्यात आहे. भारतातला कर क्रमांक विचारला तर तो पॅन, आधार नव्हे.

मग साहेब मोकळे होऊन बोलू लागतात. विमा घ्या, बचत योजना घ्या, खात्यात पैसे नसतानाही काढता येतील अशी उचल घ्या. या उचलीला डिस्पो म्हणतात आणि तिचं व्याज जबर असतं. पहिल्या वर्षी नको म्हणा. मी "नुर गिरोकोंटो, बिट्टे" एवढंच तीनदा म्हटलं. फक्त खातं, कृपया. त्यांना राग येत नाही.

खातं उघडलं की आयबॅन मिळतो: डीई ही दोन अक्षरं आणि पुढे वीस आकडे. यातच बँकेचा आठ आकडी आणि तुमचा दहा आकडी क्रमांक असतो. तो त्याच दिवशी दवाखान्याच्या पगार विभागाला लेखी कळवा. कार्ड यायची वाट बघू नका. पगार यायला कार्ड लागत नाही. दर महिन्याची यादी ठरावीक तारखेला बंद होते आणि ती चुकली की पगार पुढच्या महिन्यावर जातो. माझं तेच झालं.

पहिल्याच महिन्यात टीव्ही-रेडिओच्या वर्गणीचं पत्र येईल, घरटी महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी द्यावी लागते. एका घरात राहणाऱ्यांत एकीनं भरली की पुरे. अशी देणी खात्यातून आपोआप वळती करून घ्यायची परवानगी मागतात, त्याला लास्टश्रिफ्ट म्हणतात. अशी वळती झालेली रक्कम तुम्ही आठ आठवड्यांत बँकेला सांगून परत घेऊ शकता. देणं खरं असेल तर ते फिटत नाही, पण चुकीचं कापलं असेल तर हा मोठा आधार आहे. म्हणून महिन्यातून एकदा खात्याचा उतारा वाचा, आपण सातबारा वाचतो तसा, ओळ न ओळ.

आणि बँकेनं खातंच नाकारलं तर? रडत परत येऊ नका. २०१६ सालापासून जर्मनीत कायद्यानं राहणाऱ्या प्रत्येकाला साधं खातं मिळण्याचा हक्क आहे, पक्का पत्ता नसला तरी. त्याचं नाव बाझिसकोंटो. त्याचा छापील अर्ज भरून द्या, बँकेला दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि नकार दिला तर कारण लेखी द्यावं लागतं. बाफिन ही बँकांवर देखरेख करणारी सरकारी संस्था आहे, तिच्याकडे दाद मागता येते. मला हे चार वर्षांपूर्वी माहीत असतं तर माझा तो आठवडा वाया गेला नसता.

तुमचं खातं दुसऱ्याला वापरू देऊ नका. नव्यानं आलेल्या पोरापोरींना घरबसल्या कामाच्या जाहिराती येतात: आमच्यासाठी खातं उघडून दाखवा, किंवा तुमच्या खात्यात पैसे येतील ते पुढे पाठवा आणि हिस्सा ठेवा. तो चोरीचा पैसा असतो. पोलीस खातेदाराला पकडतात आणि व्हिसा धोक्यात येतो.

शिकायला जाणाऱ्यांसाठी थोडं

विद्यार्थ्यांना व्हिसासाठी जे बंद खातं दाखवावं लागतं ते श्पेरकोंटो. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. तिकडे गेल्यावर त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. युरो शंभर रुपयांचा धरला तरी बारा लाखांच्या आसपास जातं. हे भारतातूनच उघडतात. पण सुटणारे पैसे पडायला गिरोकोंटो लागतंच, म्हणजे वरचं सगळं त्यांनाही लागू. पैसे इकडच्या बँकेतून पाठवताना पॅन आणि ए-२ अर्ज लागतो. वर्षात दहा लाखांवर गेलं की वरच्या रकमेवर टीसीएस हा आगाऊ कर कापला जातो, शैक्षणिक कर्जातून पाठवलं तर नाही. कापला गेला तर रिटर्नमध्ये तो जमेला धरला जातो, म्हणून पावती जपा.

इकडचं खातं तसंच सोडू नका

नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलनाच्या कायद्यानं तुम्ही अनिवासी. मग इकडचं साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही; बँकेला सांगून ते एनआरओ करून घ्यावं लागतं. इथलं उत्पन्न त्यात जमा होतं. तिकडची कमाई इकडे पाठवायला एनआरई खातं वेगळं उघडा. त्याच्या व्याजावर भारतात कर नाही आणि पैसे केव्हाही परत नेता येतात. एनआरओच्या व्याजावर मात्र ३० टक्के आणि वर उपकर कापला जातो. मार्चअखेरच्या आधी सोसायटीचं पीककर्ज भरायला बाबांना पैसे लागतात, ते मी एनआरईमधून त्यांच्या खात्यात टाकते. दहा मिनिटांचं काम आहे.

इकडचा मोबाइल नंबर जिवंत ठेवा. तिकडे चालेल असं करून, रिचार्ज भरत, सिम सोबत न्या. ओटीपी त्याच्यावरच येतो. सिम भावाकडे ठेवून फोनवर आकडे विचारत बसू नका. ज्या दिवशी गरज पडेल त्याच दिवशी भाऊ वावरात असतो आणि तिथे टॉवर नसतो.

पोरी मोठ्या आशेनं म्हणतात, दोन वर्षांत आपल्या नावानं चार एकर घेऊ. अनिवासीला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली ठेवता येते. बाबांना हे कळलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्यांना वावर घ्यायचंच आहे त्यांनी घरात आधी बसून ठरवा, कोणाच्या नावानं आणि कोणाच्या भरवशावर.

परवाच्या त्या पोरीचा पासपोर्ट मी मागून पाहिला. आडनावाची जागा रिकामी. तिची जर्मन भाषेची बी-२ परीक्षा अजून तीन महिन्यांवर आहे, म्हणजे वेळ आहे. आज संध्याकाळी ती शाळेचा दाखला आणि आधार घेऊन येतेय. मायनं तुरीच्या शेंगा उकडायला ठेवल्यात, त्या खात खात आम्ही नव्या पासपोर्टचा अर्ज भरू.